पथ्य, औषध आणि रक्ताचा दाब

लोलिंबराज हा वैद्य जितका, तितकाच कवी होता. परंपरा त्याला जुन्नरचा मानते. ‘वैद्यजीवन’ हा त्याचा लहानसा संस्कृत ग्रंथ प्रियेला उद्देशून लिहिलेल्या श्लोकांतून औषधयोग सांगतो. जुन्या पिढीतील कित्येक वैद्यांना तो मुखोद्गत असे. त्यात पथ्याविषयीचा एक श्लोक आहे. त्याच्या दोन्ही ओळींतील अक्षरे तीच; भेद आहे तो एका अवग्रहाचा. पहिली ओळ विचारते की, पथ्य पाळले जात असेल तर रोग्याला औषधाचे कारण काय? दुसरी ओळ त्याच अक्षरांत विचारते की, पथ्य पाळले जात नसेल तर रोग्याला औषधाचा उपयोग काय?

माझे एक वडीलधारे आप्त जबलपूरला रेल्वेच्या नोकरीत होते. त्यांच्या तोंडी हा श्लोक नित्य असे. वयाच्या पन्नाशीत कचेरीच्या वैद्यकीय तपासणीत त्यांचा रक्तदाब चढलेला आढळला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करण्यास सांगितले. गृहस्थ निश्चयी, त्यांनी मीठ कमी केले नाही, सोडलेच. दाब उतरला. तेव्हा श्लोकाची पहिली ओळ प्रमाण मानून, कोणास न विचारता, त्यांनी गोळ्याही सोडल्या. चौदाव्या महिन्यात एका सकाळी दाढी करताना हातातील वस्तरा गळून पडला आणि उजवे अंग गेले. पुढे ते अकरा वर्षे जगले. श्लोक त्यांना अखेरपर्यंत आठवत होता, परंतु तो म्हणताना जीभ अडखळे, आणि अडखळे ती नेमकी त्या अवग्रहापाशी.

एका माणसाच्या उदाहरणावरून शास्त्रात काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. गोळ्या घेऊनही पक्षाघात झालेली माणसे आहेत आणि दोन्ही न करता नव्वदी गाठलेली माणसेही आहेत. तथापि त्या श्लोकातील दोन्ही ओळींची परीक्षा विसाव्या शतकात खरोखरीच घेतली गेली. ती हकीकत सलग सांगितलेली मराठीत माझ्या फारशी पाहण्यात नाही. तिच्यातील काही प्रकरणे आपल्या देशात, आणि एक तर मुंबईतच घडलेले आहे.

रक्ताला दाब असतो हे प्रथम मोजून दाखविले ते एका इंग्रज धर्मोपदेशकाने. स्टीफन हेल्स ह्याने एका घोडीच्या धमनीत पितळी नळी बसवून तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली प्रसिद्ध केला. माणसावर असले काही करणे अशक्यच होते. दंडाला हवेची पट्टी बांधून दाब मोजण्याची रीत इटलीतील रिव्हा-रोच्ची ह्याने १८९६ मध्ये काढली आणि पट्टीखाली धमनीचे आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे घेण्याची युक्ती रशियातील कोरोत्कोव्ह ह्याने १९०५ मध्ये सांगितली. आज कोणत्याही दवाखान्यात आपल्या दंडाला जे बांधतात ते मूलतः ह्या दोघांचेच.

आकडा हाती आला, पण त्याचा अर्थ काय हे ठरेना. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या गणितज्ञांना त्याचा अर्थ डॉक्टरांच्या आधी कळला, कारण चढलेल्या दाबाचे विमेदार लवकर मरतात आणि कंपनीला पैसे मोजावे लागतात, हे त्यांच्या वह्यांतच दिसत होते. वैद्यकातील धुरीण मात्र निराळे मानीत. वय वाढले की धमन्या आखडतात. आखडलेल्या धमन्यांतून मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त पोहोचावयाचे तर दाब चढणे आवश्यकच आहे, असा त्यांचा तर्क होता. ह्या रोगाच्या नावात ‘इसेन्शिअल’ हा शब्द शिरला आणि त्याचाही अनेकांनी तसाच अर्थ घेतला. लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे तर १९३१ मध्ये अशा अर्थाचे बोलून गेले की, रक्तदाब चढलेल्या माणसाला खरा धोका तो दाब सापडण्यात आहे. कारण मग कोणी ना कोणी मूर्ख तो उतरवावयास जाणारच. हे आज हास्यास्पद वाटते, पण तेव्हाचे डॉक्टर मूर्ख नव्हते. दाब सुरक्षितपणे उतरविण्याचे साधनच त्यांच्यापाशी नव्हते, आणि साधन नसले की त्याची गरज नाही असे ठरविणे मनाला सोयीचे असते.

ह्या मताची किंमत किती मोठी होती ते १९४५ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांचा दाब १९३० नंतरच्या दशकातच वाढू लागला होता. त्यांचे खासगी वैद्य कान, नाक व घसा ह्यांचे तज्ज्ञ होते आणि अध्यक्षांची प्रकृती उत्तम असल्याचे ते जाहीरपणे सांगत. मार्च १९४४ च्या अखेरीस हॉवर्ड ब्रून नावाच्या तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले तेव्हा दाब १८६/१०८ होता आणि हृदय थकलेले होते. ब्रूनने डिजिटॅलिस दिले. मीठ कमी, सिगारेटी कमी आणि विश्रांती अधिक, असा उपचार सांगितला. दाबावर देण्याजोगे त्याच्याजवळ दुसरे काही नव्हते. महायुद्ध चालविणाऱ्या माणसाला विश्रांती सांगणे म्हणजे काय, हे सांगावयास नकोच. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले त्या जूनमध्ये दाब २२६/११८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे चित्रकर्त्रीसमोर बसले असताना डोक्याच्या मागच्या बाजूस भयंकर वेदना होत असल्याचे त्यांनी सांगितले आणि ते बेशुद्ध झाले. दाब ३००/१९० भरला. काही तासांतच मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. वय होते त्रेसष्ट.

त्याच फेब्रुवारीत याल्टा येथे तिघांनी एकत्र बसून जगाची वाटणी केली होती. त्यांतील स्टालिन मार्च १९५३ मध्ये मेंदूतील रक्तस्रावानेच गेला. चर्चिलना १९४९ मध्ये पहिला आणि १९५३ मध्ये दुसरा, मोठा झटका आला. जानेवारी १९६५ मध्ये आलेला शेवटचा ठरला. याल्टाच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रातील तिघेही एकाच व्याधीने गाठले गेले, ही गोष्ट इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच नमूद होते. १९४८ मध्ये अमेरिकेने हृदयरोगाच्या संशोधनासाठी कायदा केला आणि फ्रॅमिंगहॅम गावातील पाच हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांना वर्षानुवर्षे तपासत राहण्याचे प्रसिद्ध काम सुरू झाले. चढलेला दाब हा पक्षाघाताचा पूर्वगामी आहे, वयाचा सहजधर्म नव्हे, हे त्या कामाने निःसंशय केले.

ह्या काळात पथ्याच्या बाजूने काय चालले होते? मिठाविषयीचा संशय फार जुना आहे. फार मीठ खाल्ल्याने नाडी कठीण होते, असे प्राचीन चिनी वैद्यकग्रंथात म्हटले आहे. आपल्याकडे चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात तीन पदार्थांचा अतिरेक टाळावयास सांगितला: पिंपळी, क्षार आणि लवण. बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू आणि सौवीर ह्या देशांचे लोक दुधाबरोबरदेखील मीठ खातात, म्हणून त्यांची शरीरे शिथिल होतात आणि केस अकाली गळतात, असे तो तेथे लिहितो. चरकाला रक्तदाब ठाऊक नव्हता. परंतु एखाद्या प्रांताची खाण्याची सवय पाहून तिचा त्या प्रांताच्या प्रकृतीशी संबंध जोडणे ही त्याची दृष्टी मात्र पुढे दोन हजार वर्षांनी पुन्हा उपयोगी पडली. आधुनिक काळात पॅरिसच्या आंबार आणि बोझार ह्या दोघांनी १९०४ मध्ये मीठ आणि दाब ह्यांचा संबंध दाखविला. तो मान्य झाला, विसरला गेला, पुन्हा मान्य झाला.

मग वॉल्टर केम्प्नर आला. बर्लिनमध्ये जन्मलेला हा ज्यू डॉक्टर नाझींच्या अमलातून निसटून १९३४ मध्ये उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात दाखल झाला. त्याची आई रॉबर्ट कॉखबरोबर काम केलेली नामांकित जीवाणुशास्त्रज्ञ. केम्प्नरचा विषय होता मूत्रपिंडातील पेशींचे चलनवलन. मूत्रपिंड थकले असेल तर त्याच्यावरील भार शक्य तितका उतरवावा, ह्या विचाराने त्याने एक आहार ठरविला: भात, फळे, फळांचा रस आणि साखर. मीठ नाही, स्निग्ध पदार्थ जवळजवळ नाहीत, आणि दिवसाकाठी प्रथिने वीस ग्रॅमच्या आसपास. हा आहार थोड्याच दिवसांपुरता द्यावयाचा असा त्याचा प्रथम हेतू होता. त्याचे चाहते अशी कथा सांगत की, १९४२ मध्ये एका रुग्ण स्त्रीला त्याने दोन आठवड्यांनी परत ये म्हणून सांगितले. त्याच्या जर्मन उच्चारामुळे तिला दोन महिने असे ऐकू आले. बाई दोन महिने भात आणि फळे खाऊन परतली ती दाब उतरलेला, हृदयाचा आकार लहान झालेला आणि डोळ्यांतील रक्तस्राव जिरलेला, अशा स्थितीत. केम्प्नरने १९४४ पासून आपले निष्कर्ष छापले. १९४८ पर्यंत त्याच्या हाती पाचशे रुग्णांची टिपणे होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांना गुण आला होता. नेत्रपटलाची आणि छातीची आधीची व नंतरची छायाचित्रे त्याने समोर ठेवली तेव्हा ती खोटी असल्याचा संशयदेखील काहींनी घेतला. कारण ज्या अवस्थेतील रुग्ण वर्षभरात मरतो असे पाठ्यपुस्तक सांगे, ते रुग्ण परत चालत येत होते.

आपल्याला ह्यात अद्भुत असे काही वाटू नये. भात आणि फळे म्हणजे उपासाच्या पारण्याआधीचे अन्न. चातुर्मासात मीठ सोडण्याचा नेम करणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत. परंतु चार महिन्यांचा नेम आणि जन्माची शिक्षा ह्यांत अंतर आहे. केम्प्नरचे रोगी डरहॅमला घर घेऊन त्याच्या करड्या देखरेखीखाली राहत. मूत्र तपासून चोरून खाल्लेले मीठ तो ओळखी. घरी गेले की बहुतेकांचा भात सुटे. शिवाय शास्त्रीय दृष्टीने एक न्यून होते, आणि ते मोठे होते. तुलनेसाठी साधा आहार घेणारा दुसरा गट त्याने कधीच ठेवला नाही. असा गट ठेवणे म्हणजे रुग्णांना मरू देणे, असे त्याचे म्हणणे. माणूस म्हणून ते समजते. पण त्यामुळे त्याचे काम दाखला म्हणून राहिले, पुरावा झाले नाही.

पर्याय म्हणून शस्त्रवैद्य पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतू कापीत; १९५० नंतर हेक्झामेथोनिअमची टोचणी आली, तिने दाब उतरे पण रुग्ण उभा राहिला की भोवळ येऊन पडे. अशा वेळी भारतातून एक मुळी पुढे आली.

सर्पगंधा ही सदाफुली आणि कण्हेर ह्यांच्या कुळातील लहानशी वनस्पती. हिमालयाच्या पायथ्याशी आणि आपल्या सह्याद्रीतही ती उगवते. सर्पदंशावर आणि उन्मादावर तिच्या मुळ्या वापरीत. बिहारात तिला ‘पागल की दवा’ असेच म्हणत. गार्सिया द ओर्ता ह्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात सापाच्या विषावरील ज्या वनस्पती वर्णिल्या आहेत त्यांतील एक ही असावी, असे काही अभ्यासक मानतात. शास्त्रीय नावात मात्र ज्याने हिंदुस्थान कधी पाहिला नाही अशा सोळाव्या शतकातील राउवोल्फ ह्या जर्मन वैद्याचे नाव बसले आहे.

१९३१ हे वर्ष येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लिव्हरपूलचे प्राध्यापक वर सांगितलेले विधान करीत होते त्याच वर्षी कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस ह्यांनी सर्पगंधा उन्मादावर आणि रक्तदाबावर गुणकारी असल्याचा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्या मुळीतून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकास आपले आश्रयदाते हकीम अजमलखान ह्यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. करोलबागेतून कचेरीला जाणाऱ्या आमच्या दिल्लीकर वाचकांनी त्या कॉलेजाची इमारत शेकडो वेळा पाहिली असेल. आतमध्ये असे काही घडले होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. पुढे कलकत्त्याच्या रामनाथ चोपडा ह्यांनी मुळीच्या गुणधर्मांचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि १९३४ मध्ये डेहराडूनहून ‘सर्पिना’ नावाच्या गोळ्या विक्रीस आल्या. देशात हजारो लोक त्या घेत होते. बाहेर कोणास खबर नव्हती, कारण आपली मासिके बाहेर कोणी वाचीत नसे.

ती कोंडी फोडली मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनी. लंडनमध्ये शिकून आलेले वकील के. ई. एम. रुग्णालयात काम करीत. हृदयरोगी रोज समोर येत असता, देशी वैद्य वापरतात त्या मुळीचा आकड्यांत हिशेब मांडावयाचे त्यांनी मनावर घेतले. पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन, दाब नोंदवून, १९४९ मध्ये त्यांनी आपला निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापविला. बहुसंख्य रुग्णांचा दाब उतरला होता आणि उपद्रव किरकोळ होते. तो लेख बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स ह्यांनी वाचला, मुळी मागविली आणि आपल्या रुग्णांवर तिचा अनुभव घेऊन १९५२ मध्ये जाहीर केला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतील प्रभावी द्रव्य वेगळे काढले आणि त्यास ‘रेसर्पिन’ हे नाव मिळाले. १९५६ मध्ये वुडवर्डने ते प्रयोगशाळेत घडविले. वकिलांना १९५७ मध्ये लॅस्कर पारितोषिक आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले. मुंबईत त्यांचे नाव आज किती जणांना आठवते, कोण जाणे.

रेसर्पिन निर्दोष नव्हते. मोठ्या मात्रेने मन खिन्न होई, आणि काहींच्या बाबतीत ती खिन्नता गंभीर वळण घेई. पण हेक्झामेथोनिअमच्या मानाने ते सौम्य आणि स्वस्त होते, तोंडाने घेता येत होते. आणि मग १९५७-५८ मध्ये अमेरिकेत क्लोरोथायझाइड निघाले. माझ्या मते साऱ्या हकीकतीतील कळीची जागा ही आहे. हे औषध करते काय? मूत्रपिंडांना शरीरातील मीठ बाहेर टाकावयास लावते. म्हणजे केम्प्नर ज्यासाठी माणसाला जन्मभर अळणी भात खावयास सांगत होता, त्यातील निदान एक काम ही पांढरी गोळी करू लागली. पथ्य आणि औषध ह्यांच्यात वाद आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः ह्या औषधाने पथ्याचीच नक्कल केलेली आहे.

दाब उतरतो हे दिसले तरी त्यामुळे माणूस वाचतो का, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर एडवर्ड फ्रीस ह्यांनी दिले. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतून त्यांनी खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. एकास औषधे, दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या. औषधे होती तीन: क्लोरोथायझाइडच्याच घराण्यातील एक, हायड्रॅलझीन, आणि आपल्या सर्पगंधेचे रेसर्पिन. १९६७ मध्ये फल प्रसिद्ध झाले. निर्गुण गोळ्यांच्या गटात २७ जणांवर गंभीर आपत्ती ओढवली होती. औषधांच्या गटात दोघांवर. १९७० मध्ये त्यांनी मध्यम दाबाच्या ३८० जणांचे फल छापले: पक्षाघात एका गटात २०, दुसऱ्यात ५. ब्रूनने रूझवेल्टच्या आजाराची टिपणे प्रथम छापली तीही ह्याच १९७० मध्ये. दोन्ही लेख जवळजवळ ठेवून वाचावेत, असे मी कोणासही सुचवीन.

फ्रीसच्या प्रयोगातील एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. प्रयोगात घेण्यापूर्वी प्रत्येक उमेदवाराला काही काळ निर्गुण गोळ्याच दिल्या होत्या आणि त्यांत रायबोफ्लेविन घातले होते. ते पोटात गेले असेल तर मूत्र विशिष्ट प्रकाशात चमकते. ज्यांचे चमकले नाही, म्हणजे जे गोळ्या घेत नव्हते, त्यांना बाहेर ठेवण्यात आले. हे योग्यच होते. औषधाचा गुण पाहावयाचा तर औषध घेणाराच हवा. पण पथ्य कोणाकडून पाळले जात नाही म्हणून ते निरुपयोगी, असा युक्तिवाद नंतर जेव्हा झाला तेव्हा औषध न पाळणारे आधीच वगळले होते, ह्याचा विसर पडला. केम्प्नर मूत्र तपासून मीठचोर पकडीत होता, फ्रीस मूत्र तपासून गोळीचोर. अपथ्य दोन्हीकडे होते.

पुढे १९९१ मध्ये साठीपुढील ४,७३६ माणसांवरील अमेरिकन प्रयोगात केवळ वरचा दाब चढलेल्यांनाही मीठ बाहेर टाकणाऱ्या स्वस्त गोळीने लाभ झाला. पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटले. तेव्हापासून म्हातारपणी दाब चढावयाचाच, हे वाक्य निदान डॉक्टरांच्या तोंडून जावयास हवे होते.

आता पुन्हा मिठाकडे, आणि जपानकडे. १९५१ ते १९८० पर्यंत जपानात मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात होते. उत्तरेकडील अकिता आणि आओमोरी ह्या प्रांतांत तर मध्यम वयातील शेतकरी पटापट पडत. हिवाळा लांब, बर्फ फार. भाजी टिकवावयाची ती मिठात, मासे मिठात, आणि तिन्ही त्रिकाळ खारट मिसोचे सार. अमेरिकेचा लुई डाल हा संशोधक १९६० मध्ये निरनिराळ्या लोकसमूहांचे मीठ आणि त्यांचा दाब एका आलेखात मांडीत होता. तेथे उत्तर जपान सर्वांत वर होते, माणशी रोज सव्वीस ग्रॅमच्या आसपास. चरकाच्या बाल्हीकांची आठवण येथे व्हावी. हिरोसाकी येथील सासाकी ह्यांना मात्र त्यात एक अपवाद सापडला: सफरचंदे पिकविणाऱ्या आणि खाणाऱ्या आओमोरीच्या खेड्यांत दाब त्या मानाने कमी होता. फळांतील पोटॅशियम मिठाचा परिणाम काही अंशी उणा करते, हे त्यामागील कारण आता सर्वमान्य आहे. १९६५ नंतर जपानातील हे मरण झपाट्याने घटत गेले. गावोगाव दाब तपासले गेले, गोळ्या दिल्या गेल्या, मीठ कमी करण्याची मोहीम झाली आणि घरोघर शीतकपाट आल्याने खारविण्याची गरजही गेली. ह्यांपैकी कशाचा वाटा किती, हे कोणी निवडून दाखवावे? मला तरी ते शक्य दिसत नाही.

परप्रांतात बदलीवर राहणाऱ्या मराठी घराने अकिताच्या शेतकऱ्याला हसू नये. मुलखाची आठवण आपल्याकडे बहुधा खारवूनच येते. लोणच्याची बरणी, पापड, सांडगे, मिठातली मिरची, सुकट, ह्यांतील एखादी वस्तू गाडीतून सांभाळून आणली नाही असा मराठी अधिकारी मी पाहिलेला नाही. दिवसाकाठी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा आहे. आपल्या देशात माणशी खप तिच्याहून पुष्कळ अधिक आहे.

आहाराचा शास्त्रीय हिशेब मांडावयास १९९७ उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत ४५९ जणांना निरनिराळे आहार शिजवून देण्यात आले. भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध असलेल्या आहाराने चढलेल्या दाबाच्या माणसांचा वरचा दाब सरासरी अकरा अंशांनी उतरला. एखाद्या गोळीइतकेच हे आहे. २००१ मध्ये त्यालाच मिठाच्या कपातीची जोड दिली तेव्हा उतार आणखी वाढला. परंतु ह्या प्रयोगांनी दाब मोजला, पक्षाघात मोजले नाहीत. तेवढा काळ कोणाला शिजवून कोण घालणार? स्पेनमध्ये ऑलिव्ह तेल आणि कवचीच्या फळांचा मोठा प्रयोग झाला, त्यात पक्षाघात कमी झालेले दिसले; पण गट पाडण्यात काही ठिकाणी चूक झाल्याचे उघडकीस आले आणि २०१३ चा तो निबंध मागे घेऊन २०१८ मध्ये सुधारून छापावा लागला. निष्कर्ष फारसा बदलला नाही. तरी पथ्याच्या पक्षाची ही नेहमीची पंचाईत: म्हणणे बहुधा बरोबर, कागद मात्र अपुरे.

कागद पुरे झाले ते चीनमध्ये, २०२१ साली. उत्तर चीनच्या पाच प्रांतांतील सहाशे खेडी आणि जवळजवळ एकवीस हजार माणसे ह्या प्रयोगात होती. कोणाला पूर्वी पक्षाघात होऊन गेलेला, कोणी साठी उलटलेले आणि दाब चढलेले. निम्म्या खेड्यांत नेहमीचे मीठ चालू राहिले. उरलेल्यांत घरोघर निराळे मीठ फुकट वाटले. त्यात तीन भाग साधे मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड होते. अळणी खा असे कोणालाही सांगावे लागले नाही, वेगळे शिजवावे लागले नाही. सुमारे पाच वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा निराळ्या मिठाच्या खेड्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी भरले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा पोटॅशियम वाढविणारी औषधे घेणाऱ्यांना हे मीठ घातक ठरू शकते, म्हणून तशांना प्रयोगात घेतलेच नव्हते, हे येथे नोंदविले पाहिजे. आपल्याकडे असे मीठ दुकानांत मिळते आणि लोक ते विचारल्यावाचून आणतात.

सर्पगंधेचे काय झाले? रेसर्पिन आज पहिल्या पसंतीचे औषध राहिलेले नाही. त्याहून सुसह्य औषधे आली. मुळीसाठी इतकी खणाखणी झाली की, त्या वनस्पतीचा आंतरराष्ट्रीय व्यापार आता निर्बंधाखाली आहे. डरहॅमचा केम्प्नर १९९७ मध्ये, भाज्या आणि फळांचा तो अमेरिकन निबंध छापून आला त्याच वर्षी वारला.

चीनच्या त्या खेड्यांविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. प्रयोगातील माणसांपैकी पाचांत जवळजवळ चौघे रक्तदाबाच्या गोळ्या आधीपासून घेत होते, आणि त्या त्यांनी सोडल्या नव्हत्या. निराळ्या मिठाने जो लाभ झाला तो ह्या गोळ्यांच्या वर झालेला आहे. मिठाची बरणी चुलीजवळ असेल आणि गोळ्यांची पुडी वर फळीवर. माझ्या जबलपूरच्या आप्तांच्या स्वयंपाकघरातही, तो पहिला महिनाभर, ती तशीच होती.